चेहरा काढा

६ फेब्रुवारी १९८३, रविवार

"नोंद आहे. कला नाही."

— झालं! चार शब्दांत माझ्या वर्षभराच्या मेहनतीचा निकाल. मुंबईच्या क्लबात आज मासिक परीक्षण होतं. मी चार फोटो नेले होते, चारही बाबांचे. केळीचा घड उतरवताना, मोटेपाशी, अंगणात जेवायला बसलेले, देवळाच्या पायरीवर. परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकेका फोटोपुढे इतका कमी वेळ थांबले की मला तिथंच कळलं. "बाई, हे स्नॅप आहेत. फार तर रेकॉर्ड म्हणू. घरच्या अल्बमात छान दिसतील." मी विचारलं, का? तर म्हणाले, "चेहरा आला की फोटो तुमच्या वडिलांचा होतो. चेहरा काढा, म्हणजे तो माणसाचा होईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा! स्वतःचीच चीड आली. पण घरी येऊन फोटो पुन्हा पाहिले तर खरंच वाटायला लागलं. बाबा प्रत्येक फोटोत नुसते बाबा दिसतात. फोटो काढायचा म्हटला की बटणं लावतात, केसांना पाणी लावतात आणि शाळेतल्या प्रार्थनेसारखे ताठ उभे राहतात. जेवायला बसलेल्या फोटोतही घास खाली ठेवून माझ्याकडे बघताहेत. याला कोण कला म्हणेल?

८ फेब्रुवारी

सगळं जुनं बंबात घातलं. फोटो, निगेटिव्ह, सगळं घरगुती सामान. माझ्या भावानं, रुडॉल्फनं, बहारीनहून यशिका क्यामेरा पाठवला त्या दिवसापासूनचं. आई म्हणाली, "काय जाळते गं? वास कसला?" म्हटलं, स्नॅप. पाणी मात्र छान तापलं.

१३ फेब्रुवारी, रविवार

नवीन रोल. नवीन पद्धत. बाबांना वाडीत नेलं आणि सांगितलं, तुम्ही तुमचं काम करा. मी नाहीच असं समजा. पण क्यामेरा दिसला की हे लगेच बटणं लावतात!

"बाबा, इकडं बघू नका."

"मग फोटो कसा येल?"

"येईल. तुम्ही तिकडं बघा."

"कोनाकडे?"

"कोणाकडेच नाही. केळीकडे बघा."

बघितलं बिचाऱ्यांनी. माझी पाठ फिरली की पुन्हा हळूच वळायचे. ओरडावं लागलं एकदा. मग समजले. संध्याकाळपर्यंत इतके तरबेज झाले की मी क्यामेरा उचलला की आपणहून तोंड फिरवायचे.

एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण लिहिते. वाडीतून परत येताना बाबा शेजारच्या फ्लॉसीमावशीच्या अंगणात शिरले आणि तिलाच विचारलं, "सिप्रियनचा घर कंचा?" मावशी हसली. तिला वाटलं थट्टा करतात. सिप्रियन म्हणजे तेच स्वतः.

२० मार्च, रविवार

दुसरा क्रमांक!! "हात" — केळीच्या सोपटानं घड बांधणारे बाबांचे हात. बाकी सगळा काळोख. परीक्षक म्हणाले, "आता तुम्हाला दिसायला लागलं." इतकं बरं वाटलं की प्रमाणपत्र हातात उघडं धरून घरी आले.

आईनं फोटो लांब धरला, जवळ धरला. "डोका कुठाय त्यांचा?" म्हटलं, आई, ही कला आहे. म्हणाली, "असेल. आमच्या दोघांचा एक काढ बाय. भिंतीवर लावायला. डोक्यासकट." म्हटलं, काढू, ईस्टर होऊ दे. या रोलवर कळंबच्या किनाऱ्याची मालिका पुरी करायची आहे.

डॉक्टर म्हणतात बाबांचं वय झालं, दुसरं काही नाही. काल त्यांनी मला माझ्या मेलेल्या आत्याच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली. काय करणार?

३ एप्रिल

ईस्टर. बाबा कोटात छान दिसत होते. रोल संपलेला.

१४ एप्रिल, गुरुवार

बाबा घरी आलेले नाहीत. जेवून अंगणात बसले होते. आई भांडी घासून आली तर खुर्ची रिकामी. मी शाळेतून शिकवून आले तेव्हा सगळी आळी शोधायला निघालेली. वाडीतल्या बावखलाच्या तळ्यात माणसं उतरली, गळ टाकून तळ ढवळला. चिखल आणि जुनी घागर निघाली. विहिरी बघितल्या. समुद्राकडे बघून आले.

सगळे मला सांगत होते, "मिलतील, बाय, मिलतील."

१५ एप्रिल

पोलीस चौकी. हवालदार भला माणूस. नाव, वय, उंची, अंगावर काय होतं — सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "फोटो द्या. चेहरा स्पष्ट पाहिजे."

मला हसूच आलं क्षणभर. फोटो? माझ्याकडे? एक मागा, पन्नास देते! घरी गेले, पाकीट घेऊन आले. हवालदारानं टेबलावर पत्ते मांडावेत तसे फोटो मांडले. "हे हात. ही पाठ. ही सावली. हे पाय... मॅडम, यात माणूस कुठाय?"

म्हटलं, हे बघा, किनाऱ्यावर चालताहेत ते. "हा? हा ठिपका?"

त्याला चेष्टा करायची नव्हती. खरंच विचारत होता. मी सगळे फोटो गोळा करून पाकिटात भरले. भरताना "हात" खाली पडला, तो त्यानंच उचलून दिला. म्हणाला, "हा चांगला आलाय."

१६ एप्रिल

सगळी खोकी उपसली. प्रत्येक निगेटिव्ह खिडकीत धरली. समोर बघणारे बाबा एकाही फ्रेममध्ये नाहीत. असणार कुठून? मीच ओरडून ओरडून शिकवलं. आणि त्याआधीचे सगळे बंबात.

रुडॉल्फला कालच तार केली होती — बाबांचा फोटो असेल तो पाठव. त्याची उलट तार आली. त्याच्याकडे एकच आहे. मीच मोठ्या कौतुकानं पाठवलेला. हातांचा.

रेशनकार्डावर फोटो नसतो. पासपोर्ट त्यांनी कधी काढला नाही, जायचं कुठं होतं त्यांना? आईकडे लग्नाचाही फोटो नाही. तेव्हा फोटोवाला वसईहून यायचा होता, तो आलाच नाही, असं ती सांगते. एका माणसाचं आख्खं आयुष्य गेलं आणि कागदावर तोंड म्हणून नाही. घरात फोटोग्राफर असून!

१८ एप्रिल

आज पुन्हा चौकी. हवालदार म्हणाला, "तुम्ही चित्रकलेच्या बाई ना? मग चेहरा काढून द्या की."

परीक्षक म्हणाले चेहरा काढा, तर मी काढून टाकला. हा म्हणतो चेहरा काढा, तर मला काढता येत नाही. एकाच शब्दानं किती छळावं माणसाला!

दिवसभर बसले होते. कान जमले. टक्कल जमलं. हनुवटी थोडीफार. डोळ्यांपाशी आले की पेन्सिल थांबते. भुवया जाड की विरळ? तीळ कुठल्या गालावर? रोज समोर बसून जेवलेला माणूस. मुलांना मी सांगते, पाठ करून काढू नका, बघून काढा. बघायचं कुठं आता?

शेवटी काहीतरी उतरवून आईला दाखवलं. म्हणाली, "हा कोन? तुजा आजा दिसतो." फाडलं.

२१ एप्रिल

फ्लॉसीमावशीच्या मुलीच्या लग्नाचा ग्रुप फोटो तिच्याच भिंतीवर सापडला. दुसऱ्या रांगेत, कोणाच्या तरी मामाच्या खांद्यामागून बाबा डोकावताहेत. चेहरा मसुरीएवढा, त्यातलाही अर्धा. त्याचा क्यामेऱ्यानं फोटो घेतला, आणि धान्याच्या खोलीत, माझ्या डार्करूममध्ये, एन्लार्जर जेवढा वर जाईल तेवढा नेला. डिशमध्ये चेहरा उमटायला लागला आणि उमटता उमटताच दाणे सुटले. नुसते काळे-पांढरे ठिपके. लांबून माणूस, जवळून तांदूळ.

शेवटी शत्रुघ्नच्या स्टुडिओत गेले. सोपारा स्टेशनजवळ. पासपोर्टचे फोटो काढतो म्हणून आम्ही क्लबातले त्याला नावं ठेवतो — मागं पडदा, वर दिवा, हनुवटी उचला, झालं. म्हणाला, "करू ना ताई. रिटचिंग मारतो. बाबांना मी बघितलंय बाजारात." पैसे घ्यायला तयार होईना.

२३ एप्रिल

शत्रुघ्ननं बाबांना नाक दिलं. सरळ, टोकदार. भुवया कोरल्या. मामाच्या खांद्यामागचा उरलेला अर्धा चेहरा त्यानं मनानं रंगवला, केसही थोडे घातले. सिनेमातला जहागीरदार!

आई बघून म्हणाली, "चांगला मानूस हाय. पन कोन?"

पण दुसरं आहे काय? हवालदार म्हणाला, काही नसण्यापेक्षा बरं. छापायला दिलं.

२६ एप्रिल

पत्रकं लागली. स्टेशनांवर, तुळिंजच्या बाजारात, एस.टी.च्या थांब्यांवर, देवळांच्या दारांवर. "हरवले आहेत" आणि खाली तो जहागीरदार. आमच्याच आळीतला आल्बर्ट विचारत होता, "रोझमेरी, हे तुमच्याकडे पावने आलेले का? हरवले कसे?" बाबांबरोबर उभं आयुष्य शेती केलेला माणूस!

रडूही येईना मला.

३ मे

सापडले! — असं दुपारी वाटलं. कळंबहून निरोप आला, पत्रकातला माणूस किनाऱ्यावरच्या एका बंगलीत आहे. मी, आल्बर्ट, फ्लॉसीमावशी धावत गेलो. पायरीवर एक म्हातारे गृहस्थ चहा पीत बसले होते. मुंबईचे, निवृत्त, हवापालटाला आलेले. हुबेहूब पत्रकातले. तेच नाक, त्याच भुवया.

आम्ही बघतच राहिलो. तेही. म्हणाले, "स्टेशनपासून मला चौघांनी घरी पोहोचवायचं म्हणून धरलं. तुम्ही पाचवे." मग आमची तोंडं बघून उठले, आत जाऊन आमच्यासाठी चहा सांगितला.

फोटो असता तर बाबा ओळखले गेले असते. आता दुसराच माणूस ओळखला जातो आहे आणि बाबा कुठंतरी कोणाच्या शेजारी बसले असतील, तर त्या माणसाला आपल्या शेजारी कोण बसलंय ते कळायची सोय नाही. नाव विचारलं तर सांगतील? सांगितलं तरी गाव?

२९ मे, रविवार

फादर बेसिलनी आज पुन्हा देवळात मिस्साच्या वेळी प्रार्थना सांगितली. "आपले सिप्रियन सुखरूप घरी यावेत म्हणून." सगळे गुडघ्यांवर. माझं लक्ष नव्हतं. खिडकीतून उजेड आईच्या तोंडावर पडला होता आणि मी तिचं नाक पाठ करत होते.

३० मे

आईचे फोटो काढले. समोरून, दोन्ही बाजूंनी, हसताना, डोळे मिटून. आख्खा रोल. "काय झालंय तुला? पुरे कर बाय," म्हणाली. पुरे कसं करू? क्लबातल्या कोणी बघितले तर म्हणतील, बाईंना वेड लागलं, पोलिसांसारखे फोटो काढते.

२६ जून

क्रिकेटमध्ये आपण जगात पहिले आलो. आळीत फटाके. आल्बर्टनं पेढा आणून दिला, मग दारात घुटमळला. त्याला हसावं की नाही कळेना. मीच म्हटलं, हस रे.

१२ जुलै, मंगळवार

चौकीतून बोलावणं. हवालदारानं आधी पाणी दिलं.

मुंबईत एका इस्पितळात मे महिन्यात एक म्हातारा वारला. रस्त्यावर तापानं पडलेला आणून दाखल केला होता. नाव सांगता आलं नाही. वारस कोणी आला नाही, ठरलेली मुदत गेली आणि पुरून टाकला. गळ्यात क्रूस होता का? नोंद नाही. कपडे? जाळले. उरलाय तो फोटो.

फोटो बघितला. हा खरा फोटो. अगदी समोरून, फ्लॅश सरळ, कुठं सावली नाही. कोणी पगारी माणसानं एकदा बटण दाबून काढलेला. शंभर टक्के रेकॉर्ड. याच्यात कलेचा कण नाही, प्रेमाचा नाही, काही म्हणजे काही लपवलेलं नाही. चेहराच चेहरा.

आणि मला सांगता येईना.

गाल आत गेलेले. दाढी वाढलेली. बाबा रोज दाढी करायचे, दाढीतले बाबा मी कधी पाहिलेच नाहीत. डोळे मिटलेले. ओठ सुजलेले. एकदा वाटलं, हेच. लगेच वाटलं, छे. माझ्या कागदावर डोळ्यांपाशी पेन्सिल थांबायची तसंच काहीतरी डोक्यात थांबलं. हवालदार खिडकीबाहेर बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "काय लिहू, मॅडम?"

म्हटलं, आईला दाखवते. फोटो मागून आणला.

रेकॉर्ड, रेकॉर्ड करत होते ना सगळे? हा घ्या. जो ओळखतो त्याच्यासाठी रेकॉर्ड. माझ्यासाठी तो नुसता एक मेलेला म्हातारा आहे. चेहरा असूनसुद्धा माणसाचा. परीक्षकांना दाखवायला हवा.

१३ जुलै

शाळेत गेले नाही. आईला बसवलं, सांगितलं सगळं, मग फोटो हातात दिला.

तिनं चष्मा लावला. तळहातानं फोटोतली दाढी झाकून बघितलं. मग हात काढून बघितलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू काय म्हनते?"

मी म्हटलं, "मला नाही वाटत, आई. बाबा नाहीत हे."

ती पुन्हा फोटोकडे बघत राहिली. म्हणाली, "मग नाय."

मी तिथंच जमिनीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. सुटल्यासारखं वाटलं. आईनं फोटो पदरानं पुसला, परत दिला. मग स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, "पुरला ना त्याला? जाळला नाय ना?"

"पुरला. का गं?"

"असाच विचारला. कोनाचा तरी मानूस असेल."

चौकीत जाऊन सांगून आले — ते हे नव्हेत. हवालदार म्हणाला, "देवाची कृपा." तसं लिहून घेतलं. रुडॉल्फला पत्र टाकलं. बाबा आहेत, कुठंतरी आहेत, शोधू.

३१ जुलै, रविवार

क्लबाचं पत्र. "हात" दिल्लीच्या प्रदर्शनाला पाठवायचा आहे. शीर्षक नीट द्या, वडिलांचा उल्लेख नको, "श्रम" वगैरे काही. उत्तर लिहिलं नाही.

नवीन पत्रक करायचं म्हणते. या वेळी चित्र-बित्र काही नको, नुसतं वर्णन. कशानं ओळखता येतील? आईला विचारत बसले. ती भराभर सांगत गेली. डाव्या भुवईत खाच, लहानपणी कोयता लागलेला. खालचा एक दात आत वळलेला. मान उजवीकडे कलती ठेवून ऐकतात. मी लिहून घेत होते. यातलं मला काहीही माहीत नव्हतं! इतकं सगळं त्या चेहऱ्यावर होतं.

हल्ली आई रोज पहाटेच्या मिस्साला जाते. पूर्वी रविवारीच जायची. जाऊ दे, तेवढाच तिला आधार.

१५ ऑगस्ट

नवीन पत्रकं लावून आले. पावसानं जुनी धुऊन निघालीत, एका भिंतीवर जहागीरदाराचं फक्त नाक शिल्लक आहे. कोणी विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. आई म्हणाली, "दमते तू. आता नको फिरू." मी चिडले. तुलाच नको असतील ते, म्हटलं. बोलून गेले.

२८ ऑगस्ट, रविवार

मिस्सा सुरू होण्याआधी फादर बेसिलनी, आजची मिस्सा कोणाकोणासाठी आहे, ते हेतू वाचले. कोणाचा आजार, कोणाची परीक्षा. मग — "सिप्रियन यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून. पत्नीकडून."

सुखरूप यावेत म्हणून नाही. आत्म्याला शांती. मला वाटलं फादर चुकले. आईकडे बघितलं. ती समोर बघत होती.

घरी येताना वाटेत विचारलं. म्हणाली, "फोटो बघितल्या बघितल्या वळखला मी."

"मग नाही का म्हणालीस?"

"तुला वळखता आला नाय ना, बाय. मी हो म्हनले असते तर तू काय केला असता?"